कर उतरवायला ५१ मतं, मजुरी चढवायला ६०

अमेरिकेतल्या मराठी मतदारांना, आणि अजून मताधिकार न मिळालेल्या पण कर इमानेइतबारे भरणाऱ्या आपल्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

मी न्यू जर्सीत एडिसनजवळ राहते आणि गेली सतरा वर्षं लोकांची टॅक्स रिटर्न्स भरून देते. जानेवारीच्या अखेरीपासून पंधरा एप्रिलपर्यंत आमच्या जेवणाच्या टेबलावर कुणी जेवत नाही; तिथे पगाराच्या डब्ल्यू-टूचे आणि इतर उत्पन्नाच्या १०९९चे कागद पसरलेले असतात. समोर येऊन बसणाऱ्यांत सॉफ्टवेअरवाले आहेत, डॉक्टर आहेत, औषध कंपन्यांतले शास्त्रज्ञ आहेत. तशाच इंडियन ग्रोसरीच्या काउंटरवर दहा-दहा तास उभ्या राहणाऱ्या बायका आहेत, वेअरहाउसात रात्रपाळी करणारे आहेत, घरोघरी मुलं सांभाळणाऱ्या मावशा आहेत. गणपतीत ही सगळी माणसं एकाच पंगतीला बसतात. कागद मात्र वेगवेगळ्या देशांतले वाटावेत इतके वेगळे असतात.

अमेरिकेत कर आणि मजुरीचे नियम कुणाच्या बाजूने झुकलेत, हे सांगणारं हे पत्र लिहायचं ठरलं मार्चमधल्या एका संध्याकाळी. लागोपाठ दोन जोडपी येऊन गेली. ओळख पटणार नाही एवढी काळजी घेऊन सांगते. पहिल्या जोडप्याने चोपन्नाव्या वर्षीच नोकरी सोडलेली. घराचं कर्ज फिटलेलं, वीस वर्षांपूर्वी घेतलेले शेअर आणि इंडेक्स फंड दरवर्षी थोडे विकून चाललेलं. दुसऱ्या जोडप्यात तो एका गोदामात सुपरवायझर, ती एका लॅबमध्ये टेक्निशियन. दोन्ही घरांचं २०२५चं उत्पन्न योगायोगाने जवळपास सारखंच, १ लाख २८ हजार डॉलर. दोन्ही घरांत लहान मुलं नाहीत. ४०१-के (निवृत्तीची बचत) आणि विम्याच्या वजावटी मी इथे बाजूला ठेवते, म्हणजे हिशोब स्वच्छ दिसेल.

नोकरी करणाऱ्या जोडप्याचं फेडरल देणं असं. प्राप्तिकर सुमारे ११,१०० डॉलर. सोशल सिक्युरिटी (म्हातारपणची पेन्शन) आणि मेडिकेअर (म्हातारपणचा आरोग्यविमा) यांची कपात ७.६५ टक्के, म्हणजे जवळपास ९,८०० डॉलर. एकूण २०,९०० डॉलर.

शेअर विकून जगणाऱ्या जोडप्याचं फेडरल देणं शून्य.

शून्यच. आकडा चुकला असेल असं वाटून त्या बाईंनी मला दोनदा विचारलं. चुकलेला नाही. दीर्घकालीन भांडवली नफ्याला ० टक्के, १५ टक्के आणि २० टक्के असे दर आहेत. पती-पत्नीचं करपात्र उत्पन्न २०२५मध्ये ९६,७०० डॉलरच्या आत असेल तर त्या नफ्यावर दर ० टक्के. त्यावर ३१,५०० डॉलरची प्रमाणित वजावट. बेरीज करा, १ लाख २८ हजारांच्या पुढे जाते. शिवाय शेअरच्या नफ्यावर सोशल सिक्युरिटी कापली जात नाही. न्यू जर्सी राज्य आपला कर दोघांकडून सारखाच घेतं. फरक करतो तो फेडरल कायदा. पहिल्या जोडप्याने काहीही लपवलेलं नाही. फॉर्म मीच भरला आणि तो चोख आहे. याला पळवाट म्हणता येत नाही, हा कायद्याने बांधलेला राजरस्ता आहे.

त्या जोडप्याबद्दल माझ्या मनात आकस नाही. त्यांनी आयुष्यभर पगारावर कर भरला आणि मग बचतीवर जगतायत. पण तोच रस्ता वर कुठवर जातो ते बघा. एक लाखाला घेतलेले शेअर दहा लाखांचे झाले आणि मालक ते न विकता वारला, तर वारसाच्या हातात ते दहा लाखांच्या खरेदीभावाने येतात. वारसाने दुसऱ्या दिवशी विकले तर मधल्या नऊ लाखांच्या नफ्यावर प्राप्तिकर कुणीच, कधीच भरत नाही. जिवंतपणी पैसे लागले तर शेअर तारण ठेवून कर्ज काढायचं. कर्ज म्हणजे उत्पन्न नव्हे, त्यामुळे त्यावरही कर नाही. अब्जाधीशांची घरं या दोन नियमांवर उभी आहेत. वॉरन बफे यांनी २०११मध्ये स्वतःच जाहीर लिहिलं होतं की त्यांनी आपल्या करपात्र उत्पन्नाच्या १७.४ टक्के कर भरला आणि त्यांच्या कचेरीतल्या इतर वीस जणांनी सरासरी ३६ टक्के. दहा वर्षांनी प्रोपब्लिका या शोधपत्रकारितेच्या संस्थेने आयकर खात्याचे कागद मिळवून २५ सर्वांत श्रीमंत अमेरिकनांचा हिशोब मांडला. २०१४ ते २०१८ या काळात त्यांची संपत्ती ४०१ अब्ज डॉलरनी वाढली आणि त्यांनी फेडरल प्राप्तिकर भरला १३.६ अब्ज. वाढलेल्या संपत्तीच्या मानाने ३.४ टक्के. माझ्या टेबलावर बसणारी ग्रोसरीतली ताई तिच्या पगाराच्या ७.६५ टक्के तर पहिल्या डॉलरपासूनच देते, प्राप्तिकर त्यानंतर.

आपल्यापैकी अनेकांना वाटतं, आपण शेअरवाल्यांच्या बाजूचे. आरएसयू, म्हणजे कंपनीकडून पगारासोबत शेअर मिळतात, ब्रोकरेजचं खातं आहे, मग भांडवली नफ्यावरचा कर कमी असणं आपल्या फायद्याचं. जरा फॉर्म बघा. आरएसयू वेस्ट झाले, म्हणजे हातात आले, की ते पगारातच धरले जातात आणि पगारासारखाच कर लागतो. माझ्याकडच्या बहुतेक इंजिनियरांच्या रिटर्नमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त उत्पन्न पगाराच्या ओळीत असतं. आपण चांगल्या पगाराचे नोकरदार आहोत, पण नोकरदारच. अमेरिकेतल्या एकूण घरगुती संपत्तीपैकी सुमारे ३० टक्के वरच्या एक टक्का घरांकडे आहे आणि खालच्या निम्म्या लोकसंख्येकडे मिळून अडीच टक्क्यांच्या आसपास. आपण या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहोत आणि मत देताना मात्र सदैव वर बघतो.

घामाला आणि शेअरला सारखा दर लावणं म्हणजे समाजवाद, असं कुणी म्हणालं तर त्यांना १९८६ची आठवण करून द्या. त्या वर्षी रोनाल्ड रेगन यांनी सही केलेल्या कायद्याने भांडवली नफ्याची सवलतच काढून टाकली. पगार असो की नफा, वरचा दर २८ टक्के. सिनेटने त्या विधेयकाचा आपला मसुदा ९७ विरुद्ध ३ मतांनी संमत केला होता. पगाराचा दर १९९०च्या कायद्याने वर गेला, नफ्याचा १९९७ आणि २००३मध्ये खाली आणला गेला, आणि फट रुंदावत आजच्या जागी आली. वरचा दर उतरवण्याबद्दलही माझी तक्रार आहे (आयझेनहॉवर यांच्या काळात तो ९१ टक्के होता, पुढे ७०, ५०, २८ आणि आता ३७), पण त्याहून मोठी तक्रार या फटीबद्दल आहे.

आता कराचे कागद बाजूला ठेवून, तो पगार मुळात ठरतो कसा ते पाहू. कारण कर नंतर येतो. आधी कुणीतरी ठरवतं की एका तासाच्या कामाची किंमत काय.

फेडरल किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे. २४ जुलै २००९ला ते तिथे आलं आणि अजून तिथेच आहे. पूर्ण वर्षभर, आठवड्याला ४० तास काम केलं तर १५,०८० डॉलर. टिपवर जगणाऱ्या वेटरांसाठी मालकाने स्वतः द्यायचं किमान वेतन २.१३ डॉलर, आणि ते १९९१पासून हललेलं नाही. टिप धरूनही ७.२५ होत नसतील तर उरलेले मालकाने घालायचे असा नियम आहे. तो किती हॉटेलांत पाळला जातो, हे वेटरला विचारावं. आपल्या न्यू जर्सीने २०१९मध्ये कायदा करून ८.८५ डॉलरवरून २०२४पर्यंत १५ डॉलरच्या पुढे नेलं आणि पुढची वाढ महागाईशी बांधून टाकली. पण वीसेक राज्यांत आजही ७.२५च चालतं. आपली मुलं ज्या राज्यांत कॉलेजला जातात त्यांपैकी बरीच राज्यं यातच आहेत, म्हणून हा आपल्याला लांबचा प्रश्न नाही.

हे किमान वेतन आणि ओव्हरटाइम १९३८च्या कायद्याने आले. त्यामागे फ्रान्सिस पर्किन्स होत्या, अमेरिकेच्या मंत्रिमंडळातल्या पहिल्या स्त्री. १९११मध्ये न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली, दारं बंद होती, १४६ कामगार मेले. त्यात बहुतेक तरुण स्थलांतरित मुली. पर्किन्स यांनी ती आग रस्त्यावर उभं राहून पाहिली होती. पुढे मजूरमंत्री झाल्यावर त्यांनी जे केलं ते तिथून सुरू झालं. पण १९३५चा संघटनेच्या हक्काचा कायदा आणि १९३८चा किमान वेतनाचा कायदा, दोन्हींतून शेतमजूर आणि घरकाम करणारे वगळले गेले. दक्षिणेतल्या मतांशिवाय कायदे होत नव्हते, आणि दक्षिणेत शेतात नि घरांत राबणारे मोठ्या संख्येने कृष्णवर्णीय होते. कायद्यात वंशाचा शब्द नाही. फक्त कामाचं नाव आहे. कोणतं काम कुणाच्या वाट्याला येतं हे ठरलेलं असलं की माणसाचं नाव घेण्याची गरजच पडत नाही. हे जातीच्या देशातून आलेल्या आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. किमान वेतन शेतमजुरांपर्यंत १९६६मध्ये आणि घरकामगारांपर्यंत १९७४मध्ये पोचलं. संघटना बांधण्याचा फेडरल हक्क दोघांनाही आजतागायत नाही.

इतरांना आहे, पण कसा? संघटना बांधायला निघालेल्याला मालकाने बेकायदा काढलं आणि ते सिद्ध झालं, तर मालकाला दंड होत नाही. बुडालेला पगार द्यायचा, तोही मधल्या काळात त्या माणसाने दुसरीकडे कमावलेलं वजा करून. संपावर गेलेल्यांच्या जागी कायमचे नवे कामगार घेता येतात. सर्वोच्च न्यायालयाने हे १९३८मध्येच मान्य केलं. १९४७च्या टॅफ्ट-हार्टली कायद्याने, अध्यक्ष ट्रुमन यांचा नकाराधिकार डावलून, राज्यांना मुभा दिली की संघटनेने मिळवलेला करार सर्वांना लागू व्हावा पण वर्गणीची सक्ती कुणावर नसावी. आज अशी २६ राज्यं आहेत. आणि मॉन्टाना सोडलं तर प्रत्येक राज्यात मालक तुम्हाला कारण न देता काढू शकतो. १९५०च्या दशकात दर तीन कामगारांत एक संघटनेत होता. १९८३मध्ये २०.१ टक्के राहिले. २०२४मध्ये ९.९ टक्के, खाजगी क्षेत्रात ५.९. वाद मिटवणारं जे राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळ, त्याला २०२५चा बराचसा काळ कोरमच नव्हता. तक्रार करायला दार होतं, आत निर्णय द्यायला माणसं नव्हती.

माझे बाबा परळला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा मी दुसरीत होते. अडीच लाख कामगार दत्ता सामंतांच्या मागे गेले, पण १९४६च्या बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स कायद्याप्रमाणे मालकाशी बोलण्याचा हक्क मान्यताप्राप्त संघटनेलाच, आणि ती दुसरीच होती. कामगारांनी कुणाला निवडलंय हे सगळ्या गिरणगावाला माहीत होतं. कायद्याला नव्हतं. बाबांना पुन्हा आत घेतलं नाही. नंतर ते एका सोसायटीत वॉचमन होते, निवृत्तीपर्यंत. इथे आल्यावर मी वाचलं की आमच्या संपाच्या पाचच महिने आधी, ऑगस्ट १९८१मध्ये, रेगन यांनी संपावर गेलेल्या ११ हजारांहून जास्त विमान वाहतूक नियंत्रकांना एका फटक्यात काढलं होतं. ते सरकारी नोकर होते, त्यांचा संप बेकायदा होता हे खरं. पण देशभरातल्या मालकांनी त्यातून काय शिकायचं ते शिकून घेतलं. दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. मला मात्र त्या वेगळ्या करता येत नाहीत, कारण दोन्हीकडे निकाल लागला तो कामगाराच्या एकजुटीवर नव्हे, कायद्यात कुणाला माणूस म्हणून मोजलंय यावर.

एका गोष्टीचा मला अभिमान आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. बाबासाहेब आंबेडकर जुलै १९१३मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात आले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या घटनेत सोळावी दुरुस्ती होऊन फेडरल प्राप्तिकराचा मार्ग मोकळा झाला होता आणि ऑक्टोबरात कायदा झाला. वरचा दर फक्त ७ टक्के, तोही पाच लाख डॉलरच्या वर. बाबासाहेबांचे तिथले प्राध्यापक एडविन सेलिग्मन हे चढत्या दराच्या प्राप्तिकराचे त्या काळातले मोठे अभ्यासक आणि पुरस्कर्ते. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरच्या बाबासाहेबांच्या ग्रंथाला प्रस्तावना सेलिग्मन यांचीच. आणि हाच विद्यार्थी १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होता. १९४६मध्ये फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती होऊन कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८वर आला. सरकार पैसा कुणाकडून घेतं आणि माणसाच्या दिवसाचे किती तास मालकाचे, हे दोन प्रश्न त्या एका माणसाच्या टेबलावर शेजारी शेजारी होते. आपण ते वेगळे केले. कराबद्दल आपण आपल्या मराठी मंडळात तासन्‌तास बोलतो. मजुरीबद्दल मी कुणाला बोलताना ऐकलेलं नाही.

आता जे सांगते त्यासाठीच खरं तर हे सगळं पत्र.

अमेरिकन सिनेटमध्ये शंभर सदस्य. साधा कायदा करायचा तर चर्चा थांबवून मतदानापर्यंत यायलाच ६० मतं लागतात, कारण चर्चा लांबवून विधेयक अडवायची प्रथा, फिलिबस्टर. याला एक अपवाद आहे, अर्थसंकल्पाशी जुळवणीचं विधेयक, रिकन्सिलिएशन. त्यात ५१ पुरतात, ५० असली तर उपाध्यक्षांचं एक मत. पण त्यात बसायला त्या तरतुदीचा सरकारी जमाखर्चाशी थेट संबंध हवा. करकपातीचा असतोच. म्हणून २००१, २००३, २०१७ आणि २०२५ या चारही मोठ्या करकपाती याच दारातून आल्या. २००३मध्ये उपाध्यक्ष डिक चेनी यांच्या मताने, २०२५मध्ये उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांच्या मताने, ५१ विरुद्ध ५०. आणि किमान वेतन? २०२१मध्ये १५ डॉलरची तरतूद याच दारातून न्यायचा प्रयत्न झाला. सिनेटच्या नियमतज्ज्ञ अधिकाऱ्यांनी निकाल दिला, हे इथे बसत नाही. तरी सिनेटर बर्नी सँडर्स यांनी ती मतदानाला लावली. ४२ विरुद्ध ५८नी पडली आणि विरोधात मत देणाऱ्यांत डेमोक्रॅटिक गटाचेही आठ जण होते. संघटनेचा हक्क बळकट करणारं विधेयक प्रतिनिधीगृहात २०२०मध्ये संमत झालं, २०२१मध्ये पुन्हा झालं, आणि दोन्हीदा सिनेटच्या उंबरठ्यावर अडकलं. १९७८मध्येही असंच झालं होतं.

म्हणजे श्रीमंताचा कर उतरवायला ५१ लागतात आणि गरिबाची मजुरी चढवायला ६०. चाळीस-पंचेचाळीस वर्षं हा काटा असाच झुकलेला असेल तर विषमता वाढणार नाही तर काय होणार? जागतिकीकरण, यंत्रं, चीन, शिक्षण, ही सगळी कारणं मीही वाचली आहेत आणि त्यांत तथ्य आहे. पण जर्मनीतही यंत्रं आली आणि डेन्मार्कमध्येही चिनी माल आला. तिथल्या विषमतेचा आलेख अमेरिकेसारखा चढलेला नाही.

जुलै २०२५चा कायदाच घ्या. त्यात टिपवर २५ हजार डॉलरपर्यंत आणि ओव्हरटाइमच्या जादा रकमेवर साडेबारा हजारांपर्यंत वजावट आहे, २०२८पर्यंत. या हंगामात मी ती अनेकांना लावून दिली आणि त्यांना पैसे परत मिळाले याचा मला आनंद आहे. पण नीट पाहा काय झालंय. वेटरचं २.१३ तिथेच आहे. मालकाने एक सेंट जास्त द्यायचा नाही. सरकारने कर थोडा सोडायचा. आणि ज्याचं उत्पन्न इतकं कमी की प्राप्तिकर लागतच नव्हता, त्याला या वजावटीचा शून्य उपयोग. त्याची सोशल सिक्युरिटी कापली जातेच. त्याच कायद्यात वारसा कराची सूट माणशी दीड कोटी डॉलर झाली, मेडिकेडला, म्हणजे गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्याला, कात्री लागली. अमेरिकन काँग्रेसच्याच बजेट कार्यालयाचा अंदाज असा की सर्वांत खालच्या दहा टक्के घरांचं वर्षाला सरासरी सुमारे १,२०० डॉलरचं नुकसान आणि सर्वांत वरच्या दहा टक्क्यांना सुमारे १३,६०० डॉलरचा फायदा. हे आकडे कुठल्या विरोधी पक्षाचे नाहीत.

लोकांना हे नको असतं, असंही नाही. फ्लोरिडाने २०२०मध्ये ट्रम्प यांना निवडून दिलं आणि त्याच मतपत्रिकेवर १५ डॉलर किमान वेतनाला ६० टक्क्यांहून जास्त मतं दिली. मिसूरीत २०१८मध्ये संघटना कमजोर करणारा कायदा लोकांनी दोन-तृतीयांश मतांनी फेटाळला. तिथेच २०२४मध्ये १५ डॉलर आणि पगारी आजारपणाची रजा लोकांनी मंजूर केली. पुढच्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळाने ती रजा रद्द केली. मॅसॅच्युसेट्समध्ये २०२२ला दहा लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर ४ टक्के जादा कर लोकांनी मतपेटीतून आणला. श्रीमंत पळून जातील असं सांगितलं गेलं. आर्थिक वर्ष २०२४मध्ये त्यातून दोन अब्ज डॉलरहून जास्त आले. शाळेतलं मोफत जेवण त्यातून चालतं. बॉस्टनचे आपले लोक अजून बॉस्टनमध्येच आहेत.

तुमच्यापैकी काहींचं उत्तर मला पाठ आहे. वरचा एक टक्का फेडरल प्राप्तिकराचा चाळीस टक्के भरतो, आणखी किती घेणार? आकडा बरोबर आहे. पण तो फक्त प्राप्तिकराचा. सरकारच्या उत्पन्नाचा तिसरा हिस्सा पगारातल्या कपातीतून येतो, आणि सोशल सिक्युरिटीची कपात २०२५मध्ये १ लाख ७६ हजार १०० डॉलरवर थांबली. दहा लाख पगारवाल्याची ती मार्चच्या पहिल्या आठवड्यात संपते. काउंटरवरच्या ताईची डिसेंबरअखेरपर्यंत चालते. दुसरं उत्तर दुकानदार मित्रांचं: मजुरी वाढली तर दुकान बंद करावं लागेल. तुमची अडचण मी खोटी मानत नाही, तुमचेही हिशोब मीच करते. भाडं, विमा, कार्डवाल्यांचं कमिशन, सगळं दिसतं मला. पण २०१९नंतर न्यू जर्सीत मजुरी पावणेदोनपट झाली आणि आपल्या देशी दुकानांच्या ओक ट्री रोडवर आजही पार्किंग मिळत नाही.

जे अजून एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर आहेत त्यांना मत नाही, पण हा विषय त्यांचा सर्वांत जास्त आहे. व्हिसा मालकाला बांधलेला, नोकरी गेली की साठ दिवस. ज्याला सोडून जाता येत नाही त्याला पगार मागताही येत नाही, आणि त्याचा दर शेजारच्या टेबलावरच्या अमेरिकनाचाही दर खाली खेचतो. मग तो अमेरिकन राग काढतो आपल्यावर, नियम करणाऱ्यावर नाही. दहा वर्षांच्या आत परत गेलात तर सोशल सिक्युरिटीत भरलेलं बुडालं, कारण भारत आणि अमेरिका यांच्यात त्याचा करारच नाही. किती मराठी मुलांचे पैसे असे गेलेत ते मी पाहिलंय.

एक गोष्ट आपल्या घरातली. ती लिहू की नको असा खूप विचार केला. माझ्याकडे एक मावशी येतात. चौदा वर्षं त्यांनी मराठी घरांत मुलं सांभाळली, पोळ्या केल्या, बाळंतिणींना न्हाऊ घातलं. पासष्टी उलटल्यावर सोशल सिक्युरिटीचं विचारायला आल्या. पेन्शनला चाळीस तिमाहींची नोंद लागते. त्यांच्या नावावर अकरा होत्या, त्याही मधे एका दुकानात काम केलं होतं तेव्हाच्या. चौदा वर्षं रोख मिळत होतं आणि त्यांना वाटत होतं, ताई-दादा चांगले आहेत, टॅक्स वाचवून देतात. ताई-दादा चांगले होतेच. पण घरकामाला ठेवलेल्या माणसाला वर्षाला २,८०० डॉलर किंवा त्याहून जास्त दिले (२०२५चा आकडा) तर कपात करून आपला हिस्सा घालणं ही आपली जबाबदारी आहे. न्यू जर्सीत तर २०२४पासून घरकामगारांच्या हक्कांचा वेगळा कायदा आहे. त्या दिवशी मावशी रडल्या नाहीत. कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या, मग अजून सात-आठ वर्षं काम करायला लागेल ना गं?

येत्या ३ नोव्हेंबरला मध्यावधी निवडणूक आहे. उमेदवार आपल्या मंडळांत, दिवाळीच्या कार्यक्रमांत येतील, गळ्यात हार घालून घेतील, योग आणि मसाल्यांबद्दल चार शब्द बोलतील. मी पक्ष सांगत नाही. दोन प्रश्न मात्र प्रत्येकाला, माइकवर, सगळ्यांसमोर विचारा. शेअरच्या नफ्यावरचा दर पगाराइतका करायला मत देणार का? आणि किमान वेतनासाठी ६० मतांची अट सोडायला तयार आहात का? गोल उत्तर आलं तर परत विचारा. फोटो नंतर काढू.

आणि मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना एक विनंती. मे महिन्यातला दुसरा शनिवार हॉल मोकळा असतो. मी दुपारभर तिथे बसेन. ज्यांच्या घरी मावशी आहेत त्यांनी मागच्या तीन वर्षांचे हिशोब आणि कोरं शेड्यूल एच (घरकामगाराच्या कराचा फॉर्म) घेऊन यावं. उशिरा भरल्याचा थोडा दंड बसेल, तो कसा हप्त्याने भरायचा तेही बघू. मी पैसे घेणार नाही. मावशींनाही सोबत आणा, त्यांच्या तिमाही त्यांनी स्वतः मोजलेल्या बऱ्या.

आपली,
रिटर्न भरून देणारी एक मराठी बाई
एडिसन, न्यू जर्सी